डॉक्टरताई, दुसरीच्या वर्गाकडून आभार

डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

दाताच्या शिबिराला येणारे बहुतेक पाहुणे छोटी पेस्ट वाटतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही पर्वती पायथ्याच्या आमच्या शाळेत पालकसभेलाही आलात, तेही कुठल्या कंपनीचा फलक न लावता.

'दात घासा' हे मुलांना सगळेच सांगतात. तुम्ही ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट घेऊन दाखवलीत, तेव्हा जाहिरातीतली लांबलचक वळी पाहिलेली पोरं 'एवढीशीच?' म्हणून हसली. घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळाखळा चूळ भरायची नाही, नाहीतर पेस्टमधलं, दात किडण्यापासून वाचवणारं फ्लोराइड पाण्याबरोबर वाहून जातं. आमच्याकडे चार चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही, त्यामुळे ही सवय सर्वांत जड गेली. रात्रीचं घासणं मात्र पटकन पटलं. झोपेत लाळ कमी सुटते, मग दातांवरच्या आम्लाला आवरायला कुणी नसतं, हे मुलं आता घरी जाऊन ऐकवतात.

मला विशेष आभार मानायचे आहेत ते आज्यांच्या वतीने. आईवडील कामावर, त्यामुळे सभेला आज्याच जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मशेरी लावणाऱ्या. नातवंडांसमोर त्यांची मान खाली जाईल असं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. शेजारी सतरंजीवर बसलात आणि 'आजी, दिवसातून किती वेळा लावता?' एवढंच विचारलंत. मग सांगितलंत, की मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिची तलफ लागते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एक आजी म्हणाल्या, "माझी काय आता सुटायची नाही, पण पोराला डबीला हात लावू देणार नाही." 'तेवढं तरी कराच,' म्हणालात आणि पुढच्या आजींकडे वळलात. तिथे भाषण ठोकायचा मोह मला आवरला नसता.

फ्लोराइड विषारी असतं, असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप एका वडिलांनी पुढे केला, त्यांनाही उडवून लावलं नाहीत. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, वर्षानुवर्षं तेच पिऊन दातांवर डाग पडतात. थुंकून टाकायच्या पेस्टची गोष्ट वेगळी, असं समजावलंत. पेस्टच्या नळीवर फ्लोराइडचा १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आसपासचा आकडा बघून घ्या आणि लहानांना पेस्ट मोठ्यांनीच लावून द्या, हेही सांगितलंत.

आणि ती सहाव्या वर्षाची दाढ! कुठलाही दात न पडता मागून गुपचूप येते, म्हणून घरच्यांना दुधाचीच वाटते, असते मात्र कायमची. 'किडली तर पडेल, नवी येईल' म्हणणाऱ्या दोन आयांनी सभेनंतर मुलांना दवाखान्यात नेलं. दोघांच्याही दाढा वाचल्या, वेळेवर भरून झाल्या.

जूनमध्ये पहिलीच्या नव्या पालकांची सभा आहे. तुमच्या सोयीचा शनिवार कळवाल का?

आपली,
दुसरीच्या वर्गाच्या बाई