सोमवारपर्यंत छत्तीस गोळ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मंगळवारी जिल्ह्याच्या रुग्णालयात माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, वेदना थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या आणायला गेले होते. वेदनाशामक कक्ष सुरू झाला तेव्हा 'गोळ्या इथेच मिळतील' असं आम्हाला सांगितलं होतं. आत जुन्या खाटा रचलेल्या, कपाटाला कुलूप आणि किल्लीवाले साहेब रजेवर. 'सोमवारी या' म्हणाले. अण्णांना दर चार तासांनी एक गोळी लागते, म्हणजे सोमवारपर्यंत छत्तीस. त्या छत्तीस वेळा त्यांच्या उशाशी कोण बसणार, साहेब?

अण्णा मार्केट यार्डात हमाल होते. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) दिली, किमो झाली. गाठ परत आली आणि गालातून बाहेर फुटली. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून मी जखमेवर भुकटी टाकते, तेवढ्यापुरता वास उतरतो. नातवंडांना वास येऊ नये म्हणून अण्णा पेजेची वाटी घेऊन गोठ्यात बसतात. रात्री रक्ताने उशी भिजते. कागदावर लिहून दिलंय, 'घरी सांभाळा'.

वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरने मला इलेक्ट्रोकिमोथेरपीबद्दल सांगितलं. शिरेतून ब्लिओमायसिन हे किमोचं औषध द्यायचं आणि गाठीत सुया टोचून विजेचे अगदी क्षणिक झटके द्यायचे. एरवी पेशीत जेमतेम शिरणारं औषध मग आत जातं. रोग बरा होत नाही, पण गाठ आक्रसते, रक्त थांबू शकतं, वास कमी होतो. सगळ्यांनाच चालत नाही, हेही तो स्पष्ट बोलला. फ्रान्समध्ये माणसांवरचा पहिला प्रयोग झाला तो डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच. त्याला तीस वर्षं उलटली. युरोपने २००६ साली त्याची कार्यपद्धतीही ठरवून दिली. ब्लिओमायसिन तर आपल्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे! 'मग इथे का नाही?' विचारलं, तर म्हणाला, 'यंत्र नाही.'

यंत्र घ्या. निदान सरकारी कॅन्सर रुग्णालयांत तरी घ्या. त्याचा खर्च महात्मा फुले योजनेत बसवा. ५ लाखांचं संरक्षण म्हणता, पण ज्याला कापण्यासारखं काही उरलं नाही, त्याच्या हातात आमच्या रुग्णालयाने फक्त कागद ठेवला.

आणि गुटखा? राज्यात २०१२ पासून बंदी आहे ना? आमच्या एसटी स्टँडवरच्या टपरीत मंगळवारीसुद्धा पुड्या मिळत होत्या. अण्णांनी तीस वर्षं त्याच खाल्ल्या. पुडी हवी तेव्हा मिळते आणि मॉर्फिन कुलपात! नशेच्या धाकाने केंद्राने १९८५ ला अमली पदार्थांचा कायदा केला, २०१४ ला तो रुग्णांसाठी सैल केला, पण ते त्या किल्लीवाल्याला कोणी सांगितलं नाही. मरणाऱ्या माणसाचं मत पुढच्या निवडणुकीत नसतं, म्हणून का हे सगळं?

सोमवारी पहाटेच्या एसटीने मी परत त्याच कपाटापुढे येणार आहे. त्या दिवशी किल्ली जागेवर असू द्या.

एका हमालाची मुलगी