आई-बाबा, डिसेंबरात आपण वाळवंटात मुक्कामाला जातोय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी घाईघाईने सांगून मोकळी झाले आणि तुम्ही दोघंही गप्प झालात. तेव्हापासून मनाला रुखरुख आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही इकडे अमेरिकेत आलात की शनिवार १२ ते सोमवार १४ डिसेंबर आपण चौघं कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात तंबूत राहणार आहोत. रजा टाकून झाली, सामानही आलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे कबूल. पण मागच्या खेपेला दोन महिने तुम्ही आमच्या खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत काढलेत. बाबा आकाश बघायला बाल्कनीत गेले की समोरच्या खांबावरचा दिवा डोळ्यांत घुसायचा. तसं पुन्हा मला होऊ द्यायचं नाही. दादा म्हणतो, या वयात हे नको. त्याची काळजी चुकीची नाही. त्यालाही हे पत्र वाचायला द्या.

आई, तू विचारलंस, "ती जागा कुणाची? रात्री कुणी उठवलं तर?" अगं, ती सरकारी जमीन आहे, आपल्याकडच्या गायरानासारखी. इथलं ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळतं, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. त्यातल्या बऱ्याच भागात कुणीही फुकट मुक्काम करावा, २८ दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस, असा साधारण नियम आहे. बुकिंग नाही, चौकीदार नाही, तसा नळ आणि संडासही नाही. जे लागेल ते आपण न्यायचं आणि कचऱ्यासकट परत आणायचं.

आपली जागा लॉस एंजेलिसहून तीन तासांवर, जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण दाराजवळ आहे. मुद्दाम हायवेपासून जवळची निवडली. तिथे मोबाईल लागतो, इंडिओ शहर आणि तिथलं हॉस्पिटल साधारण ४० किलोमीटरवर आहे, आणि उद्यानातल्या कॉटनवूडला गाडीने पंधरा मिनिटांत पोचलं की फ्लशचा संडास आहे. उद्यानात आत गेलं की मात्र मोबाईल जातो, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेतलंय. त्यावरून दादाला रोज संध्याकाळी सात वाजता निरोप जाईल.

आता संडासाचं, कारण आईचा खरा प्रश्न तोच असणार. इथले लोक बादलीवर सीट बसवतात. ती जेमतेम चौदा-पंधरा इंच उंच असते, बाबांच्या गुडघ्यांना चालणार नाही. म्हणून औषधांच्या दुकानातून हाताच्या दांड्यांची, पायांची उंची कमीजास्त होणारी कमोड खुर्ची घेतली. ती माणूसभर उंचीच्या वेगळ्या छोट्या तंबूत राहील, झोपायच्या तंबूपासून दहा पावलांवर, वाटेत दोरी बांधून तिला दिवे लावीन. खुर्चीखाली दुहेरी पिशवी आणि तिच्यात पावडर असते. पावडरने सगळं घट्ट होतं, वासही दबतो. लोक इथे गफलत करतात ती लघवीची: तीही त्याच पिशवीत गेली की पिशवी भरून फाटते. म्हणून लघवीला वेगळी बाटली. धुवायला तांब्या नको, पिचकारीची बाटली ठेवली आहे, एका वेळी अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. पिशव्या मी बांधीन, मी डब्यात भरीन. तुम्ही संकोच करायचा नाही. आमचं सगळं तुम्ही केलंतच ना?

पाण्याचा हिशेब असा: माणशी रोज चार लिटर प्यायला आणि स्वयंपाकाला. चार माणसं, तीन दिवस आणि गाडी अडकली तर म्हणून एक जादा दिवस, एकूण ६४ लिटर. भांडी आणि हात-पाय धुणं धरून १०० लिटर नेणार आहोत, वीस-वीस लिटरच्या पाच डब्यांत. एकच मोठी टाकी नेली आणि ती गळली तर सगळंच जातं. आई, पाणी "वाचवायला" म्हणून कमी प्यायचं नाही. कोरड्या थंड हवेत घाम दिसत नाही, तहान लागत नाही, आणि मग संध्याकाळी डोकं दुखतं, चक्कर येते. रात्री उठावं लागेल म्हणून बाबा, तुम्हीही दुपारनंतर पाणी बंद करू नका. दिवे त्यासाठीच लावणार आहे.

थंडीबद्दल. दिवसा १८-२० अंश, पहाटे तीन-चार. सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो आणि पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे चौदा तासांची रात्र. खरी तयारी या रात्रीची. तुम्हाला जमिनीवर झोपायचं नाही. उभं राहता येईल असा तंबू आहे आणि आत घडीच्या खाटा. पण खाटेखालून वारा खेळतो आणि पाठ गार पडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून खाटेवर आधी फोमची गादी, तिच्यावर स्लीपिंग बॅग. बॅग उणे सात अंशांची घेतली. स्लीपिंग बॅगवरचा आकडा साधारण तग धरण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नसतो, त्यामुळे आठ-दहा अंशांची सवड ठेवावी लागते. पायाशी शेकायची रबरी पिशवी देईन. तंबूत गॅसचा हीटर मात्र लावणार नाही, कितीही थंडी वाजली तरी. बंद जागेत त्याचा विषारी वायू साठतो आणि त्याला वासही नसतो. आई, तुझी ती तपकिरी शाल आण.

बाबांचं इन्सुलिन बर्फाच्या पेटीत बर्फाला टेकून ठेवायचं नाही. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. रिकाम्या थर्मासमध्ये, रुमालात गुंडाळून तंबूत ठेवू. साखर मोजायचं यंत्रही थंडीत बिघडल्यासारखं वागतं, ते स्वेटरच्या आतल्या खिशात.

तंबूची जागा आधी कुणी वापरलेली, कडक मुरमाचीच निवडायची. सपाट गुळगुळीत वाळूचा पट्टा दिसायला छान असतो, पण तो ओढा असतो. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाण्याचा लोंढा आपल्याकडे येतो. वाऱ्यासाठी फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या आहेत. त्या धरत नसतील तर पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती पुरायची. वाऱ्याचे झोत ताशी ५० किलोमीटरच्या वर जाणार असा अंदाज आला, किंवा पाऊस दिसला, तर आपण जाणारच नाही. इंडिओत एक खोली धरून ठेवली आहे, आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येते. मध्यरात्रीसुद्धा तुमच्यापैकी कुणी "चला" म्हणालं तर अर्ध्या तासात निघू. कारण विचारणार नाही.

जेवणाला दोन चुलींची शेगडी. अर्ध्या किलोचा प्रोपेनचा डबा दोन्ही आचा मोठ्या ठेवल्या तर तासाभरात संपतो, म्हणून चार डबे. मेतकूट-भात, थालीपीठ, पिठलं. तळण नाही. शेगडी आणि शेकोटी दोन्हींसाठी कॅलिफोर्नियाचा फुकट परवाना लागतो, तो काढला.

आई, एक गोष्ट सांगताना जीवावर येतं. जेवायला बसण्याआधी तू कावळ्यासाठी घास काढतेस, तो तिथे बाहेर ठेवू नकोस. तिथले डोमकावळे माणसांच्या खरकट्यावर पोसून फार वाढलेत, आणि ते वाळवंटी कासवांची पिल्लं टोचून खातात. पिल्लाचं कवच कडक व्हायला कित्येक वर्षं लागतात, तोवर त्याला काहीच आधार नसतो. तू घास काढ, नमस्कार कर, आणि डब्यात झाकून ठेव. घरी आल्यावर गॅलरीत ठेवू. कासवं तेव्हा बिळांत झोपलेली असतात, तरी गाडी सुरू करण्याआधी चाकांखाली वाकून बघायची तिथली पद्धत आहे. ते मी करीन, बाबा, तुम्ही वाकू नका.

बाबा, आता तुमच्यासाठी. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या जनरल पॅटन यांनी याच भागात रणगाड्यांच्या सरावाचा तळ उभारला होता. आठ किलोमीटरवर चिरियाको समिटला त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, अंगणात रणगाडे मांडलेत. नगरच्या संग्रहालयात तुम्ही मला खांद्यावर बसवून प्रत्येक रणगाड्याचं नाव वाचून दाखवलं होतंत, या वेळी मी वाचीन. रानात मात्र लोखंडाचा जुना तुकडा दिसला तरी उचलायचा नाही, सरावातला न फुटलेला गोळा असू शकतो.

आणि रात्र. अमावास्या ८ तारखेला आहे, त्यामुळे चंद्रकोर लवकर मावळेल. १३ च्या रात्री पुनर्वसूच्या बाजूने उल्का पडताना दिसतील, नऊनंतर जास्त. पाठ मागे टेकणाऱ्या खुर्च्या घेतल्यात. मृग आणि व्याध गच्चीवरून दाखवायचात तसेच दिसतील, पण अगस्त्य इथून क्षितिजाला टेकलेला असतो, दक्षिणेच्या डोंगरांआड बहुधा दिसणारच नाही. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही शोधत थंडीत उभे राहणार नाही.

आता तुमची कामं. येण्याआधी डॉक्टरांना दोघांनीही दाखवायचं, आई तूसुद्धा, "मला काय धाड भरलीय" चालणार नाही. औषधं दहा दिवसांची जादा, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. विम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय ते दादाने वाचून मला फोटो पाठवायचा. बंद बूट आत्ताच घ्या आणि रोज वीस मिनिटं खडीच्या रस्त्यावर चाला. नवे बूट तिथे पहिल्यांदा घातले तर फोड ठरलेले.

बाबा, खिशातला कंगवा नक्की आणा. उद्यानात चोया नावाच्या निवडुंगाची बाग आहे, सकाळच्या उन्हात ती अंगभर लोकर आल्यासारखी चमकते. पण नुसता स्पर्श झाला तरी त्याचं बोंड तुटून अंगाला चिकटतं, काट्यांना उलटे दात असतात. हाताने ओढायला गेलं की तोच हात अडकतो. कातडी आणि बोंड यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा, झटक्याने लांब उडवायचं, उरलेले काटे चिमट्याने.

तुमची,
ताई

ता. क. आई, भाजणी दोन किलो पुरे. मागच्या वेळी पाच आणलीस आणि बॅग उचलताना बाबांची कंबर धरली.