मॅडम, त्या कागदाच्या नळीबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी दर रविवारी लालबागच्या तुमच्या दवाखान्यात येत होते. आता वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू झाल्यात, येणं जमेलच असं नाही. समोर बसून बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी तुम्ही माझा नवा कोरा स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावलात. पेपरची घट्ट नळी केलीत, एक टोक स्वतःच्या छातीवर धरलंत आणि म्हणालात, "लाव कान." खाली रस्त्यावर बसचे हॉर्न, आणि त्यातूनही ऐकू आलेलं ते लब-डब! १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी अशीच गुंडाळी केली, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. 'संकोच' या शब्दावर जरा थांबलातही.

का थांबलात, ते पुढे ईसीजी शिकताना कळलं. "आधी पडदा ओढ, चादर दे, काय करणार ते सांग. मग हात लाव." छातीच्या हाडावरचा उंचवटा बोटाने शोधायचा, तिथे दुसरी बरगडी, तिथून मोजत चौथ्या फटीत यायचं. अंदाजाने लावलेली वायर तुम्ही प्रत्येक वेळी काढायला लावलीत. बीपीचंही तेच. तीन जिने चढून आलेल्या आजोबांना पाच मिनिटं टेकू दिल्याशिवाय, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला आल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही.

आणि त्या काकू. "गॅसची गोळी द्या, घरी पाहुणे आहेत," म्हणत दारातच उभ्या होत्या. मी गोळी दिली असती, मॅडम. तुम्ही त्यांना खुर्चीत बसवलंत, हळूहळू विचारलंत. छातीत दुखत नव्हतंच. पहाटेपासून जबडा आणि पाठ भरून आली होती, मळमळ होती, दरदरून घाम फुटला होता. सांगायचा संकोच वाटत होता, एवढंच. ईसीजीचा कागद बाहेर येताच तुम्ही ॲस्पिरिन चावायला दिलीत आणि त्यांना चालू न देता खुर्चीसकट खाली टॅक्सीपर्यंत नेलंत. हृदयाची कळ बायकांमध्ये पुष्कळदा अशी आडवाटेने येते, हे मी वाचलं नंतर. पाहिलं आधी तुमच्याकडे.

गेल्या महिन्यात आई भांडी घासताना "पित्त झालंय" म्हणाली. मी नळ बंद केला, तिला बसवलं आणि तुमच्यासारखं एकेक विचारत गेले. पित्तच निघालं. पण एवढं निवांत बसून तिला कुणी विचारलंच नव्हतं, असं ती म्हणाली.

ती पेपरची नळी माझ्या कपाटात आहे. दिवाळीत आईच्या हातचा फराळ घेऊन येते.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी