सईची जोडी, गुण आणि व्हिसा

ओडेन्स, डेन्मार्क

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सईने बॅडमिंटन दुहेरीतली जोडीदार बदलावी का, हा तुझा प्रश्न आधी घेते. माझ्या मते एवढ्यात नको. दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत गुण जोडीच्या नावावर जमतात. नवी जोडी बांधली की तिची पाटी कोरी, दोघींपैकी एक आधीपासून कितीही चांगली खेळत असली तरी. आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी दोघंही मुळात मागून ठोकणारे. मग नेटवर कोण उभं राहणार? चिरागने पुढचा खेळ घडवला. 2016 च्या सुमारास ते एकत्र आले, 2019 मध्ये थायलंड ओपन जिंकले आणि पहिला क्रमांक मिळाला तो थेट ऑक्टोबर 2023 मध्ये. सईला सहा महिन्यांत निकाल हवा असेल तर तिने एकेरी खेळावं, आणि तिथेही तो मिळेलच असं नाही.

आता स्पर्धा. क्रमवारीसाठी गेल्या 52 आठवड्यांतल्या सर्वांत चांगल्या 10 स्पर्धांचे गुण धरतात. दहापेक्षा कमी खेळलं तर जेवढ्या खेळल्या तेवढ्यांचीच बेरीज. सगळ्यांत खालची पायरी फ्यूचर सीरिज, तिथे विजेत्या जोडीला 1700 गुण. इंटरनॅशनल सीरिजला 2500, इंटरनॅशनल चॅलेंजला 4000, सुपर 100 ला 5500. पण चॅलेंजच्या नुसत्या उपांत्यपूर्व फेरीचेही 2200 मिळतात, म्हणजे फ्यूचर सीरिज जिंकण्यापेक्षा जास्त. त्यामुळे चषकांचे फोटो मिळवायला लहान स्पर्धांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. पहिले थोडे गुण जमेपर्यंत त्या खेळाव्यात, मग चॅलेंजमध्ये शिरावं. इंडिया इंटरनॅशनल चॅलेंज मुंबईत आणि नागपुरातही झालेली आहे. कटक आणि गुवाहाटीला सुपर 100 होते. घरच्या मैदानावर विमानखर्च वाचतो, तेव्हा या स्पर्धा सोडायच्या नाहीत. परदेशात यायचं तर लागोपाठच्या दोन-तीन आठवड्यांच्या स्पर्धा एका तिकिटात बसवाव्यात. खालच्या पायरीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं की हाती पैसे येत नाहीत, आणि जिंकलेलं बक्षीसही दोघींत वाटलं जातं.

स्पर्धेसाठी नाव खेळाडूला परस्पर देता येत नाही, राष्ट्रीय संघटनेमार्फतच जातं, आणि मुदत स्पर्धेच्या बरीच आधी संपते. नाव राखीव यादीत राहिलं तरी सराव थांबवू नये. 2022 च्या ऑल इंग्लंड स्पर्धेला आपल्या त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद राखीव यादीतूनच आत आल्या आणि उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या.

व्हिसाचं काम दोघींचं एकदमच करा. एकीचा अडकला की दुसरीचं तिकीट, हॉटेल, नोंदणी सगळं पाण्यात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, पण त्यावर विसंबू नका. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची निदान तीन महिने मुदत उरायला हवी. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. इंग्लंड आणि आयर्लंडचे व्हिसे वेगळे.

खेळाबद्दल एकच गोष्ट सविस्तर लिहिते, सर्व्हिस. शटल मारताना ते अख्खं जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं. उंच मुलींची इथे फॉल्ट जाते, कारण दडपणाखाली हात नकळत वर येतो. नेटच्या वर वीतभर अंतरावर दोन खांबांना दोरी बांधा आणि दोरी व नेट यांमधून सर्व्हिस करायला लावा. शटलची सर्वांत उंच जागा नेटच्या अलीकडे, आपल्याच बाजूला यायला हवी, म्हणजे ओलांडताना ते खाली उतरत असतं. ती पलीकडे गेली की समोरची मुलगी झडप घालणारच. दुहेरीत मागची सर्व्हिस रेषा शेवटच्या रेषेच्या 76 सेंटिमीटर अलीकडे असते, त्यामुळे उंच सर्व्हिसची भीती कमी आणि समोरची मुलगी पुढे सरकूनच उभी असते. म्हणून फ्लिकची (ऐनवेळी मनगटाने उंच मागे उडवलेल्या सर्व्हिसची) सुरुवात हुबेहूब छोट्या सर्व्हिससारखी दिसली पाहिजे. बचावात मधोमध आलेला स्मॅश कोणी घ्यायचा? स्मॅश मारणारीच्या तिरप्या बाजूला जी असेल तिने, कारण मारणारीच्या सरळ समोर असलेली आपली जोडीदार सरळ रेषा राखते. हे आधी ठरलेलं नसलं की दोघी एकमेकींकडे बघत राहतात.

ठाण्याच्या दमट उकाड्यात शटल पळतं, म्हणून तिथे 76 या वेग-क्रमांकाचं हळू शटल चालतं. इकडे थंड हॉलमध्ये 77 किंवा 78 लागतं. खात्री करायची तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोरात मारून बघावं. पलीकडच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत पिसं तडकतात, म्हणून सरावाच्या शटलांच्या नळीला आदल्या रात्री थोडी वाफ द्यावी. रॅकेटचं गटिंग (तारांचा ताण) 26 पाउंडांवर असेल तर इथल्यासाठी 24-25 करावं, थंडीत तार कडक लागते. दोघींकडे प्रत्येकी तीन रॅकेट असाव्यात.

वहिनींना सांग, सईचा पासपोर्ट आधी तपासा. मुदत कमी असेल तर नूतनीकरण या आठवड्यातच टाका, आणि तिच्या जोडीदाराच्या घरीही कळवा. दोघींच्या स्पर्धांची यादी पाठवलीस की तारखा बघून सांगते.

तुझी,
धाकटी