बाबांच्या ठिपक्यांविषयी

ती. बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी फोनवर विचारलेला प्रश्न मी डॉक्टरांपुढे जसाच्या तसा ठेवला. गेल्या वर्षी बाबांच्याही एमआरआयमध्ये पांढरे ठिपके होते, ते ‘वय आणि बीपी’ म्हणून सोडून दिले. मग माझ्याच ठिपक्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते तो रोग, का म्हणायचे? डॉक्टर हसले नाहीत. नुसते ठिपके पाहून निदान केल्यामुळे बीपीच्या आणि अर्धशिशीच्या रुग्णांवरही हा शिक्का चुकून बसतो, असे ते म्हणाले.

फरक जागेचा आणि आकाराचा आहे. माझे डाग मेंदूतील पोकळ्यांच्या काठाला चिकटून, लांबट, उभे दिसतात आणि एक मानेतल्या मज्जारज्जूत आहे, जिथे बीपीचे ठिपके सहसा जात नाहीत. शिरेतून गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये ताजे डाग उजळवणारे औषध) दिल्यावर त्यांतला एकच उजळला. तो काही आठवड्यांतला, बाकीचे जुने. रोग अनेक ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी झाला, हे एकाच तपासणीत दिसले, आणि २००१ पासून वापरात असलेले मॅकडोनाल्ड निकष, म्हणजे या रोगाच्या निदानाचे नियम, हा पुरावा ग्राह्य धरतात. दोन वर्षांपूर्वी पायाला मुंग्या आल्या तेव्हा आपण बी-१२ च्या गोळ्यांवर भागवले. डोळा हलवताना दुखू लागला आणि आईने दिलेली लाल पैठणी उजव्या डोळ्याला विटकरी दिसू लागली, तोवर मलाही शंका आली नव्हती.

आई, पाठीतले पाणी काढले हे तुला आधी कळवले नाही, कारण ‘पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो’ हे तुझे ठरलेले वाक्य मला ऐकायचे नव्हते. मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली, कमरेत सुई घालतात. मला दोन दिवस उठून बसले की डोके दुखे, एवढेच. त्या पाण्यात प्रथिनांच्या अशा पट्ट्या मिळाल्या, ज्या त्याच दिवशी घेतलेल्या रक्तात नव्हत्या; म्हणजे प्रतिपिंडे मेंदू-मज्जारज्जूच्या आवारातच तयार होत आहेत. भारतीय रुग्णांत या पट्ट्या युरोपातल्यापेक्षा कमी जणांत सापडतात, म्हणून त्या नसत्या तरी निदान आपोआप खोडले गेले नसते.

मला स्वतःला सर्वांत धाकधूक रक्ताच्या अ‍ॅक्वापोरिन-४ चाचणीची होती. ती न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या आजाराची प्रतिपिंडे शोधते; तो आजार डोळ्यापासून असाच सुरू होऊ शकतो आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे त्यात उलट अपाय करतात. ती चाचणी आणि मॉग या तशाच दुसऱ्या आजाराच्या प्रतिपिंडांची चाचणी, दोन्ही निगेटिव्ह आल्या, तेव्हाच डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिली.

पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी आहे आणि तो आजच्या चित्रांशी ताडून पाहणार असल्यामुळे सीडी मी कपाटात जपून ठेवली आहे. बाबा, तुमची फिल्म तुलनेसाठी कुरिअरने पाठवू नका. डॉक्टरांना मी तोंडीच सांगितले आहे.

आपली,
धाकटी