शिमला ट्रिप, सातारा ग्रुप : निघायच्या आधी हे वाचा

मंडळी, शुक्रवारी गोवा एक्स्प्रेसने निघायचंय, स्टेशन माहुलीला आहे हे धरून घरातून लवकर निघा, बॅगा घेऊन ऐनवेळी रिक्षा शोधत बसू नका. ओरिजिनल आधार कार्ड सोबत हवंच, मोबाईलमधल्या फोटोवर राहू नका.

निजामुद्दीनला उतरून पुढं दिल्लीतून काल्का, आणि तिथनं खरी मजा चालू. काल्का ते शिमला ९६ किलोमीटर, पण गाडीला पाच तासांच्या वर लागतात, कारण दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, वळणं एवढी की पुढचं इंजिन आपल्याच खिडकीतून दिसतं, शंभरच्या वर बोगदे आणि आठशेच्या वर पूल. १९०३ पासून ही लाईन चालू आहे, २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. सगळ्यात मोठा बोगदा बडोगचा, अकराशे मीटरहून जास्त, तिथं गाडी थोडी थांबते, चहा तिथंच घेऊ. काल्का साधारण ६५० मीटरवर आणि शिमला २००० च्या वर, आपलं महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणजे थंडीचा अंदाज घ्या आणि स्वेटर, कानटोपी हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

डबे लहान असतात म्हणून प्रत्येकी एकच छोटी बॅग, हे कळकळीनं सांगतोय. खिडकीची जागा ज्येष्ठांना आधी, मग बडोगनंतर अदलाबदल करू. दारात उभं राहून रील कुणीही काढायचे नाहीत. घाटात चक्कर येणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि मला आधीच कळवा. कंदी पेढे मी घेतोय, चटणी-भाकरी कोण आणतंय ते आज रात्रीपर्यंत सांगा.