तळमजल्यावरच्या काकांना, बारा हत्तींसकट

काका, नमस्कार.

मोबाईलवर एवढं लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा आहे माहितीये, म्हणून काकूंना आधीच सांगून ठेवलंय की मोठ्याने वाचून दाखवा. आणि हे मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, का ते खाली येईलच, तोवर दम धरा.

फेब्रुवारीतला तो शुक्रवार आठवतोय ना. शनिवारी लेकीचा चौथा वाढदिवस, क्लबहाऊस बुक केलेलं, तीसेक पोरं येणार, आणि डेकोरेशनवाल्याने गुरुवारी रात्री मेसेज टाकला की ताई जमणार नाही, लग्नाची ऑर्डर आलीये. संपलं. लेकीला मी महिनाभर आधीपासून प्रॉमिस करून बसलेले की हत्तीचे फुगे करू, हवेत उडणारे हत्ती, आणि चार वर्षांच्या पोरीला 'डेकोरेटरने कॅन्सल केलं' हे काय कळणार, तिच्या दृष्टीने आईने कॅन्सल केलं. मग मी ऑफिसला दांडी मारून बोहरी आळी गाठली, राखाडी फुगे घेतले, जाडजूड भारीतला कार्डपेपर घेतला, आणि येताना फुगेवाल्याकडून एक गॅसचा फुगा भरून आणला, म्हटलं आधी एक करून बघू. मस्त दोन मोठे कान कापले, चिकटवले, हत्ती दिसत होता अगदी. फक्त उडत नव्हता. जमिनीवरून घसटत चालला होता, आणि मी त्याला दोरीला धरून पार्किंगमधून ओढत नेतेय, लेकीला दाखवायला, आणि तुम्ही कट्ट्यावर बसलेले. तुमचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही. "काय गं, हत्तीला जुलाब झालेत का?"

खरं सांगू, तेव्हा रडूच येत होतं, पण हसू आलं.

मला वाटलं तुम्ही असंच बोलून पेपर वाचायला लागाल. दहा मिनिटांनी दार वाजलं तर तुम्ही, हातात जुनी स्टीलची पट्टी, मोठी कातर, आणि घडी दाबायचं ते हाडाचं गुळगुळीत पातं ज्याला तुम्ही फोल्डर म्हणता, आणि मागे काकू, मैद्याची खळ भरलेलं पातेलं घेऊन. तुम्ही प्रेसमध्ये बाइंडिंगला होता एवढंच मला माहीत होतं, पण चाळीस वर्षं कागद हाताळलेला माणूस कागदाकडे कसा बघतो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या कार्डपेपरचा कोपरा दोन बोटांत धरून म्हणालात, तीनशे जीएसएम असणार. मी पॅकेट बघितलं, ३००! मग मला विचारलंत जीएसएम म्हणजे काय, मी इंजिनियर, मला येईना. तर एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये, बस. ए-फोरचे सोळा कागद लावले की एक चौरस मीटर होतो, म्हणून ऐंशी जीएसएमचा एक ए-फोर बरोब्बर ५ ग्रॅम. माझे दोन कान १५ बाय १२ सेंटीमीटरचे, पेपरच्या कडेला पेनने गुणाकार केलात, ११ ग्रॅमच्या आसपास आले.

"आता फुगा किती उचलतो ते बघू," म्हणालात, आणि माझ्या किचनमधून साबुदाणा मागितलात. हा सीन मी ऑफिसात सगळ्यांना सांगून झालाय. कान काढले, फुग्याच्या दोरीला चहाच्या कागदी कपाचा बूड कापून टोपलीसारखा बांधला, आणि त्यात चिमूट चिमूट साबुदाणा टाकत गेलात, लेक स्टुलावर उभी राहून श्वास रोखून बघतेय, फुगा आधी छताला, मग हळूहळू खाली, मग मध्येच, ना वर ना खाली, असा लोंबकळत राहिला. तिथे थांबलात. टोपली, दोरी, साबुदाणा सगळं केकच्या सामानाच्या वजनकाट्यावर ठेवलं, ९ ग्रॅम. मी नंतर हिशोब करून बघितला, ११ इंची फुग्यात १२ ते १४ लिटर हेलियम मावतो, लिटरमागे ढोबळमानाने एक ग्रॅम उचलला जातो, त्यातून रबराचे स्वतःचे तीनेक ग्रॅम वजा करा, जवळपास तेवढंच येतं. म्हणजे माझा हत्ती दोनच ग्रॅमने हरला होता!! दोन ग्रॅमसाठी मी रडणार होते.

पुढचं सगळं मग त्या नऊ ग्रॅमच्या आत बसवायचं होतं. कानांसाठी तुम्ही पतंगाचा कागद सांगितलात, संक्रांत नुकतीच झालेली, कोपऱ्यावरच्या दुकानात उरलेला राखाडी आणि गुलाबी कागद पडून होता, दुकानदाराने अर्ध्या भावात दिला. पण पतंगी कागद उभा कुठे राहतो, लगेच मान टाकतो. तर त्याला पंख्यासारख्या बारीक बारीक घड्या घालायच्या, मग तोच कागद ताठ होतो. त्यातही मी पहिला कान केला तो वेडावाकडा, घडी धरेना, तुम्ही हातातून घेतलात आणि कागद नव्वद अंशात फिरवून परत दिलात. तेवढंच. कागदालाही लाकडासारखा उभा-आडवा धर असतो, मशीनमध्ये तंतू एका दिशेने लोळतात, त्या दिशेने घडी सरळ पडते आणि आडवी घातली की करकरते. दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघायचं, जिकडे कमी अडतो तिकडे ग्रेन, म्हणजे तो धर. मी इतकी वर्षं ग्रीटिंग कार्डं करतेय आणि घडीवर कागद का फाटतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मग तो तुमचा पिवळट हातकागदाचा तुकडा दाखवलात, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला, ती संस्था १९४० सालापासूनची, आणि कागद झाडाचा नाही तर सुती चिंध्यांच्या लगद्याचा. हा हाताने गाळलेला असतो म्हणून तंतू सगळीकडे पसरतात, याला ग्रेन जवळपास नसतोच, कशीही घडी घाल. त्याच्यातूनच मग लेकीचा मुकुट झाला. तो मुकुट अजून आहे, तिने त्यावर स्केचपेनने मिशा काढल्यात, का ते विचारू नका.

सोंडेचं तर मला सगळ्यात जास्त कौतुक. साध्या कागदाच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून एकावर एक घड्या घालत जायच्या, स्प्रिंग तयार, शाळेत सगळ्यांनी केलेली असते ती. पण ती लावल्यावर हत्ती तोंडावरच पडायला लागला, सगळं वजन पुढे. मी म्हटलं सोंड छोटी करू. तुम्ही म्हणालात, "सोंडेला कशाला शिक्षा, मागे शेपूट लाव." दोऱ्याला पतंगी कागदाच्या चार झिरमिळ्या, आणि हत्ती सरळ. लेक टाळ्या पिटायला लागली. कान, सोंड, शेपूट सगळं मिळून साडेतीन ग्रॅम, म्हणजे हत्ती अजून जेवू शकत होता.

हां, तुमची खळ मात्र फसली, ते पण लिहिणारच. कागदाला कागद एक नंबर, कंदिलाच्या करंज्या चिकटवतो तशा, पण फुग्याच्या रबरावर वाळली की पापुद्र्यासारखी सुटून कान खाली. काकू गालात हसत होत्या. शेवटी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचे बारीक तुकडे लावले, तेही फुगा पूर्ण भरल्यावरच, कारण रबर ताणतं, कागद ताणत नाही. आणि कानाच्या बुडाला छोट्या चिरा देऊन पाकळ्या एकावर एक, म्हणजे गोलाईवर सुरकुती पडत नाही, ती युक्ती तुमचीच.

एक हत्ती तुम्ही केलात. बाकी अकरा माझ्याकडून. मी दोनदा म्हटलं काका तुम्हीच करा ना, तुमचा हात किती भराभर चालतो, आणि तुम्ही नुसते समोर खुर्चीत बसून राहिलात. "मी केले तर अर्ध्या तासात होतील. मग उद्या पोरगी विचारेल कोणी केले, काय सांगशील?" रात्री साडेअकरा वाजले, काकू दोनदा बोलवून गेल्या, तरी बसलात. हत्तींचे भाग तयार करून डब्यात ठेवले आणि साध्या हवेच्या चाळीस फुग्यांना झिरमिळ्या बांधल्या. गॅसचे फुगे सकाळी भरून आणायचे हेही ठरलं, कारण हेलियम रबरातून हळूहळू निसटतो, एवढा फुगा बारा ते अठरा तासच धरतो, रात्रीच भरले असते तर संध्याकाळी परत जुलाब.

आता ते, ज्याच्यासाठी हे सगळ्यांसमोर लिहितेय.

पार्टीत बारा हत्ती क्लबहाऊसच्या खुर्च्यांना बांधलेले, एसीच्या वाऱ्यावर कान हलतायत, सगळे फोटो काढतायत. लेकीच्या शाळेतल्या एका आईने विचारलं, कुठून ऑर्डर केलं? आणि मी म्हटलं, ऑर्डर कसली, घरीच, सगळं मीच केलं, एकटीने, एका रात्रीत. म्हणजे हे तोंडातून गेलंच, आणि कौतुक इतकं छान वाटत होतं की पुढे 'युट्यूबवर बघितलं' असंही चिकटवलं. वळून बघते तर तुम्ही मागे, हातात वेफर्सची प्लेट. माझा चेहरा काय झाला असेल. आणि तुम्ही त्या बाईंना काय म्हणालात, "हो, लाइट चालू होता हिच्याकडे साडेअकरापर्यंत, मी खालून बघत होतो." खालून! आणि वेफर खात पुढे गेलात.

तर ज्यांनी ज्यांनी तेव्हा मला शाबासकी दिली त्यांना आता कळू दे. हत्ती काकांचे, कात्री माझी. युट्यूब वगैरे काही नव्हतं.

काकूंचेही आभार राहिलेत. पोरांच्या हातात संत्री बघून त्या धावल्या त्याचं तेव्हा सगळ्यांना हसू आलं, पण संत्र्याच्या सालीचा रस उडाला की त्यातलं तेल रबर खातं आणि फुगा फुटतो, आणि त्यांनी सांगेपर्यंत दोन हत्ती गेलेच. फुटल्यावर रबराचे तुकडे लगेच वेचले त्यांनी, सगळे मोजल्यासारखे, दीड वर्षाचं एक बाळ तिथेच रांगत होतं, ते तुकडे तोंडात गेले असते तर, मला सुचलंही नसतं.

रविवारी सकाळी उरलेले हत्ती जमिनीवर उतरले होते, फुगे आक्रसले, कागद तेवढाच, त्यामुळे कपाळावर, कानांजवळ सगळ्या सुरकुत्या. लेक म्हणाली हत्ती आजोबा झाले. त्यातला सगळ्यात सुरकुतलेल्याला तिने तुमचं नाव दिलंय, माफ करा, मी थांबवलं नाही. तुम्ही केलेला हत्ती मात्र संत्र्यातून वाचला होता, त्याचे कान आणि सोंड काढून फ्रिजवर लावलेत, घडी बघा अजून कशी धारदार आहे, माझ्या अकरांपैकी एकाची तशी नाही.

दिवाळीच्या आधी कंदिलाला कामट्या तासायला शिकवणार म्हणालाय, ते मी लक्षात ठेवलंय, खळीचा मैदा आणि मोरचूद माझ्याकडून. आणि तुमचा तो हाडाचा फोल्डर माझ्याकडेच राहिलाय. काकूंनी दोनदा विचारलं, मी दोनदा 'शोधते' म्हटलं. तो माझ्या ड्रॉवरमध्येच आहे काका, पहिल्या दिवसापासून.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची